महालक्ष्म्यांसाठी घेतलेल्या गोळ्या

मंगळवारी सकाळी नोएडाच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी प्रेग्नन्सी किट हातात घेऊन बसले होते... आणि बाहेरून सासूबाई हाका मारत होत्या, चहा गार होतोय म्हणून.

तशी माझी पाळी कॉलेजपासूनच लहरी. मनात आलं तर येते, नाहीतर दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. एरवी मी तिच्याकडे लक्षही देत नाही. पण यावेळची गोष्ट वेगळी होती...

यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच आमच्याकडे बसणार होत्या. आई, म्हणजे सासूबाई, अकोल्याहून मुखवटे घेऊन येणार होत्या. निघायच्या आधी त्यांनी फोनवर विचारलं, "तुझी तारीख कधी आहे गं?"

झालं! आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. ऐन पूजेत अडचण नको म्हणून मी खालच्या केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरला विचारणं वगैरे काही नाही. दोन्ही जावा घेतात, नणंद घेते... मीही घेतल्या.

पूजा छान झाली. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं यथासांग. गोळ्या बंद केल्या की थोड्या दिवसांत पाळी येते म्हणतात. आलीच नाही... आणि मग सकाळी मळमळायला लागलं.

लग्नाला पाच वर्षं झालीत, बाळाची वाट बघून डोळे थकलेत. खरं तर उड्या मारायला हव्या होत्या मी. पण डोक्यात एकच... खरंच काही असलं तर? आणि मी त्यावर सकाळ-संध्याकाळ गोळ्या गिळत होते? देवीसाठी म्हणून, माझ्याच हाताने...? पुढचा विचारही करवेना.

नवरा मानेसरला नोकरीला, पहाटेच कंपनीच्या बसने जातो. म्हणाला, "यार, लेट तर तुझं नेहमीच असतं, टेन्शन नको घेऊस." असा राग आला ना त्याचा!

किटवर एकच रेघ आली. ट्यूबलाइटखाली बघितलं, खिडकीत बघितलं... एकच. सुटले बाई, असं वाटलं आणि त्याच क्षणी रडू फुटलं.

दार उघडलं तर आई समोरच. माझं तोंड बघून त्यांनी हाताला धरून बसवलं आणि मी घडाघडा सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "अगं बाई, पुरण तू वाटणार की मी, हे ठरवायला तारीख विचारली होती. अडचण असती तर मी केलं असतं सगळं. गोळ्या खा म्हणून कधी म्हटलं मी?"

खरंच, म्हटलं नव्हतं. मीही उलटून विचारलं नव्हतं.

दुपारी त्याच मला लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मनाने गोळ्या खाल्ल्या म्हणून डॉक्टरांनी हिंदीतून चांगलंच झापलं. ब्लड टेस्टही निगेटिव्ह आली. आता सोनोग्राफी आणि पाळीवर नीट इलाज.

पाळी अजून आलेली नाही... धास्ती आहेच. आज आईंची परतीची गाडी होती. सकाळी बॅग भरायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"काही पुढे ढकलायचंच असेल ना, तर माझं तिकीट ढकल."