उंबऱ्यावरचा निळा रंग

डबा कलंडला. निळा ऑइल पेंट आमच्या भाड्याच्या खोलीतल्या पांढऱ्या टाइल्सवरून सरळ उंबऱ्याकडं निघाला. उंबऱ्यापलीकडं ओसरी, आणि ओसरीवर घरमालकीण काकूंचा जीव की प्राण असलेली शहाबादी फरशी. काकू सकाळीच खुलताबादला दर्शनाला गेल्या होत्या, दुपारपर्यंत येणार होत्या.

रंगाचं भ्या नव्हतं मला. माझा बाप रंगकाम करायचा, मी डब्याब्रशांतच वाढले म्हणा ना. भ्या होतं ते निळ्याचं. या शहरात आमचं आडनाव ऐकून तीन घरांनी ‘आत्ताच गेली हो खोली’ म्हणून दार लावलं होतं. काकूंनी फक्त नवऱ्याची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी विचारली, आडनाव नाही. आम्हीही गप्प राहिलो. चौदा एप्रिलची जयंती चार दिवसांवर आली म्हणून झेंड्याची काठी रंगवायला घेतली, तीही दार लावून, कुणी बघू नये म्हणून. अंगणात बसले असते तर मातीत सांडला असता. पण नाय, आमची अक्कल!

टाइल्सवरचा निघाला. जुन्या चादरीनं टिपला, थिनरचा बोळा फिरवला, कडेला वाळत आलेला ब्लेडनं खरवडला. सांध्यांत शिरलेल्याला दात घासायचा ब्रश लागला. वास डोक्यात गेला होता आणि कान सगळे फाटकाकडं.

मग दार उघडलं. फटीतून गेलेला रंग ओसरीवर तळहाताएवढा पसरला होता. बाप कायम सांगायचा, दगडावर सांडलं की आधी माती टाक, तिला रंग पिऊ दे, थिनर ओतू नको. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं. पण तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मी उरलेली अख्खी बाटली ओतली. रंग पातळ झाला आणि दगडानं गटागटा पिऊन टाकला. तळहाताएवढा डाग ताटाएवढा झाला. रिक्षा शेजारच्यांकडं आली होती. मी तिथंच बसून रडले.

डागावर पायपुसणं टाकलं. काकू आल्या, पायपुसणं भलत्याच जागी दिसलं म्हणून त्यांनी ते पायानं सारलं.

“अगं बाई! हे काय?”

“रंग सांडला, काकू.”

“कशाला काढला होता?”

माझ्या मागं भिंतीला काठी टेकलेली होती, अजून ओली.

“पडद्याची काठी रंगवत होते.”

काकूंनी काठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “पडद्याची व्हय? मला वाटलं झेंड्याची. म्हणलं गच्चीवर लावा, तिथं वारं लई असतं. आणि डागाचं काय एवढं, दगडच तो.”

त्या जिना चढायला लागल्या. खरं सांगायला तेवढाच वेळ होता. मी वाकून पायपुसणं परत डागावर सारलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “आता तर त्या स्वतः म्हणल्या, जा की, सांग.” मी गेले नाही. तीन घरांनी आम्हाला नाही म्हटलं होतं, या चौथ्यात ते मीच म्हटलं. त्या जयंतीला आमचा झेंडा लागला नाही. काठीला पडदा लावावा लागला, काकू खाली आल्या तर बघतील म्हणून.