आगीच्या पोटातला शब्द
तापलेले गिअर तेलात बुडवल्याचा वास आला की भोसरीच्या आमच्या शेडमधला तो शुक्रवार आठवतो. भट्टीवरचे काका अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायचा; त्याच्या आत ते घरी पोचायचेच. नेमका त्याच दुपारी भट्टीचं तापमान दाखवणारा मीटर बंद पडला. आत चाकणच्या कंपनीचा पहिलाच माल होता. कमी-जास्त तापात काढून तो तडकला असता तर काम हातचं गेलं असतं. मी म्हटलं, "काका, काढा आता, तुम्हालाही उशीर होतोय." "थांबा हो मॅडम, कडा अजून काळ्या दिसतायत. माझ्या बसची काळजी तुम्ही नका करू," म्हणत ते भट्टीच्या दारातल्या झरोक्यातून बघत राहिले. मग खिशातली टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "हश्मल." "म्हणजे?" "हिब्रू शब्द. आमच्या शास्त्रात तीनदाच येतो. संदेष्ट्याला आगीच्या पोटात देवाचं तेज दिसलं, त्याचं हे नाव. नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही. थोरले सांगायचे, फार खोदून विचारू नये. या, बघा." मी वाकले. ज्वाळा नव्हत्या, गिअरही त्या उजेडातून वेगळे ओळखू येत नव्हते. नुसता स्थिर, जिवंत उजेड. हात जोडायची मला सवय नाही, तरी जोडले गेले. "झालं, काढतो आता," काका म्हणाले. एकही गिअर तडकला नाही आणि काका बसमागे धावले. आता भट्टीवर डिजिटल मीटर आहे, मी आकडा बघूनच माल काढते. पण दार उघडण्याआधी एकदा झरोक्यातून बघते, आणि तेवढा वेळ शेडमध्ये कुणाला बोलू देत नाही.