दोन रकाने

परीक्षा मंडळात संगणक आला तेव्हा तो चालवायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी मावशी गणितातली पदवीधर, म्हणून साहेबांनी तिला पुढे ढकललं. जाडजूड पुस्तिका पालथ्या घालून सहा महिन्यांत तिने निकालाचा प्रोग्रॅम लिहिला. गुण भोकं पाडलेल्या कार्डांवरून मशीनला दिले जात. ज्या निकालापायी कारकून दोन-दोन महिने खपत, तो नऊ दिवसांत लागला. तेव्हापासून मंडळात ती 'मशीनबाई' झाली. पुढे तिने आणि आठ जणांनी कॅन्टीनच्या टेबलाभोवती बसून संगणक व्यावसायिकांची संघटना काढली.

त्या पहिल्याच निकालात माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, नापास झाली. गणितात शून्य. आईने तर तो पेपर वेळेआधी संपवून दोनदा तपासला होता. आजोबा फेरतपासणीचा अर्ज आणायला निघाले, तेव्हा मावशीनेच त्यांना थांबवलं.

"हिने बैठक क्रमांक चुकवला असेल, बाबा. मशीन चुकत नाही."

आई पुन्हा परीक्षेला बसली नाही. शिवणकाम शिकली आणि जन्मभर लोकांचे कपडे शिवत राहिली.

गेल्या वर्षी संघटनेला पन्नास वर्षं झाली. मावशीचा सत्कार ठरला. भाषणासाठी तिने तो जुना प्रोग्रॅम माळ्यावरून काढायला लावला. कागद पिवळे पडलेले, तिची नजर अधू, म्हणून मी वाचून दाखवत होते. मध्येच तिने माझा हात धरला.

"गुणांना रकाने किती दिलेत?"

"दोन."

"नीट बघ."

"दोनच आहेत, मावशी."

तिने बोटांवर अंक मोजले. मग म्हणाली, "शंभरला तीन लागतात गं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शंभरातला एक कार्डावर मावलाच नव्हता. उरली होती दोन शून्यं. पुढच्या वर्षी नवी कार्डं तीन रकान्यांची आली आणि मागे वळून कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाच्या तळघरात परीक्षकांच्या मूळ याद्या काढल्या. त्या वर्षी गणितात शंभर मिळालेले अकरा जण होते. आठ जणांनी फेरतपासणी मागितली होती, त्यांचे गुण कारकुनांनी मावशीला न सांगता हाताने दुरुस्त केले होते. तिघांनी मागितली नव्हती. त्यातला तिसरा बैठक क्रमांक आईचा. तिथल्याच एका खोक्यावर मी बसले.

घरी आई काजं करत होती. मावशीने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं.

"म्हणजे मला शंभर होते?"

"हो."

"आणि अर्ज नको म्हणालीस ती तू."

"मीच."

आईने सुई कापडात टोचून ठेवली. "नापास झाल्याचं काही नाही, ताई. पण जे मला आलं असं वाटतं ते मला येतच नाही, असं धरून चालले मी. प्रत्येक बाबतीत." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मावशीची तिला हाक मारायची हिंमत झाली नाही.

मावशीने ही चूक संघटनेच्या अध्यक्षांना आधीच कळवली होती. सत्काराच्या दिवशी ते तिच्या कानाशी लागले, "हे पुढच्या बैठकीत घेऊ." मावशीने शाल खुर्चीवर ठेवली आणि प्रोग्रॅमची चूक सांगून तिन्ही बैठक क्रमांक माइकवरून वाचले. "यातली एक माझी बहीण," एवढंच म्हणून ती खाली बसली. टाळी वाजवावी की नाही, कुणाला कळेना.

उरलेल्या दोघांना संघटनेच्या लोकांनीच शोधून काढलं. एक वारला होता. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मंडळाने आईला नवी गुणपत्रिका पाठवली. तिने ती पाकिटातून अर्धी बाहेर काढून पाहिली आणि मला म्हणाली, "तुझ्याकडे ठेव."

चार महिने बहिणी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी आईने मावशीला जेवायला बोलावलं. मावशी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आली. दोघी जेवल्या. आईने तिला वाढलं, पण आग्रह केला नाही.