एनिसच्या दुकानातला पंचनामा

माझ्या बायकोच्या मामांनी पास केल्याशिवाय या भूतलावर काहीही खाण्यालायक ठरत नाही, असं खुद्द भूतलाचंही मत असावं. मामा सांगलीला अन्न-औषध खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. आमच्या लग्नात त्यांनी जिलबीच्या कढईला सील ठोकलं आणि पंगत उठायच्या आत आचारी गाव सोडून गेला, असं मी सांगतो. बायको म्हणते, मामांनी नुसतं तेल हुंगलं होतं. तिचं खरं धरा. पण आचारी गेला होता, हे तिलाही मान्य आहे. मामा-मामी इथे आयर्लंडमधल्या एनिस गावी आमच्याकडे राहायला आले, तर पहिल्याच सकाळी मामांनी स्वयंपाकघरातलं कपाट (इथे त्याला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो) रिकामं केलं आणि सगळ्या बरण्या आरोपींसारख्या रांगेत उभ्या केल्या. माझं आवडतं लोणचं त्यात दोषी ठरलं.

मामी मात्र पानात पडेल ते खाऊन 'छान झालंय' म्हणणाऱ्या. त्यांची एकच तक्रार, गुडघे. आयर्लंडच्या ओल्या गारठ्यात ते असे धरले, की रात्री झोप नाही आणि सकाळी जिना म्हणजे गड उतरणं. शेजारणीने सांगितलं, गावात हेम्पचं दुकान आहे, तिथलं तेल जिभेखाली टाकायचं. हेम्प म्हणजे भांगेचाच भाऊबंद, पण नशा न चढवणारा, असं मी मामांना समजावलं. त्यांनी फक्त 'भांगेचा' एवढंच ऐकलं. बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती म्हणाली, मामींच्या गोळ्यांशी त्याचं भांडण नाही, गुण येईलच असंही नाही, घेऊन बघा. मामा म्हणाले, आधी तपासणी.

कोट, टाय, मफलर चढवून मामा निघाले. मी पंच. दुसरा पंच दुकानातच मिळाला, कुत्र्यासाठी बिस्किटं घ्यायला आलेला एक शेतकरी. दुकानवाल्या बाईंना वाटलं, साहेब थेट डब्लिनहून आलेत. मामांनी 'रिटायर्ड' हा शब्द उच्चारला, नाही असं नाही, पण इतका हळू, की तो मफलरमध्येच राहिला. इथले नियम त्यांनी आदल्या दिवशी पोथीसारखे वाचले होते: तेलात नशेचा अंश नको, आणि ते कसलंही दुखणं बरं करतं असं म्हणायचं नाही. पहिल्या कलमात बाई सुटल्या, लॅबचा रिपोर्ट तयार होता. दुसऱ्यात सापडल्या. फळीफळीवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या: गुडघ्यांसाठी, झोपेसाठी, मनःशांतीसाठी.

"मॅडम, औषध असेल तर परवाना दाखवा," मामा म्हणाले. "नसेल तर चिठ्ठी काढा."

बाई चिडतील असं मला वाटलं. त्या स्टुलावर चढल्या आणि एकेक चिठ्ठी काढत प्रत्येकीला 'ग्रँड' (म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे') म्हणत राहिल्या. नियम बदलतात, कोणी धड सांगत नाही, जो तो नुसती भीती घालतो, असं म्हणून त्यांनी आम्हाला चहासुद्धा पाजला. शेतकऱ्याने पंचनाम्यावर सही ठोकली आणि बिस्किटं विसरून गेला.

मामा घरी आले ते लढाई जिंकून, पण बाटलीशिवाय. मामींनी विचारलं तर म्हणाले, प्रकरण विचाराधीन आहे.

"मग विचार होईपर्यंत गुडघे तुमच्याकडे जमा करून घ्या," मामी म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मामी जिना उतरताना मधेच बसल्या, त्यांना उठता येईना. हाक मारली नाही. खाली मामांचा चहा संपला तरी त्या आल्या नाहीत, तेव्हा मामा बघायला गेले. "इथंच बरंय," मामी म्हणाल्या, "उजेड छान येतो." मामांनी त्यांना हात देऊन उठवलं, खुर्चीत बसवलं आणि पायजम्यावरच कोट चढवला. टाय राहिला. मी मागोमाग.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी मामांनी आवाज खाली घेतला. "गुडघ्यांना याचा खरंच उपयोग होतो का?"

"ते मला बोलता येत नाही," बाई अगदी अदबीने म्हणाल्या. "तुम्हीच चिठ्ठ्या काढायला लावल्यात."

"मी खात्यातर्फे विचारत नाही. नवरा म्हणून विचारतोय."

"नवऱ्यांसाठी वेगळा नियम दिसला नाही हो मला."

भल्याभल्या गिरणीवाल्यांना गप्प बसवणाऱ्या मामांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. बाटली घेतली, काही न तपासता.

थेंब सुरू झाले आणि मामांनी मामींना निरीक्षणाखाली ठेवलं. रोज संध्याकाळी फर्गस नदीच्या काठाने फेरी. आयुष्यभर मामा पुढे आणि मामी मागे. मंडईतून निघाले की मामा घरी पोचून पेपर वाचून संपवायचे, तेव्हा मामी कोपऱ्यावर दिसायच्या. पण निरीक्षण करायचं तर शेजारून चालावं लागतं. आधी बाकापर्यंत, मग वळणापर्यंत, आणि महिन्याभरात मामी पुलापर्यंत जाऊन आल्या. बायकोने विचारलं, "मामी, थेंबांनी फरक पडला का गं?"

"थेंबांचं मला काही कळत नाही," मामी म्हणाल्या. "हे हल्ली हळू चालतात."

मामा शेजारीच होते. हरकत घेतली नाही.

आता दोघं सांगलीला परतलेत. बाटली मामांनी नेली नाही; तिकडच्या कायद्यात ती बसते की नाही याची त्यांना खात्री वाटेना. घर मोकळं वाटतं. तिकडची संध्याकाळ गाठून आम्ही फोन लावतो, तर कोणी उचलत नाही; फेरीची वेळ असते. थोडा वेळ वाजू देतो, एकमेकांकडे बघतो आणि ठेवून देतो.