मुद्देमाल : एक पांढरं धोतर

मला पकडायला त्या दुपारी किती माणसं धावली, हे मी आजवर जागा बघून सांगत आलोय. धुळ्यात पाचशे सांगतो. जळगावात पाचशेला कोणी भीक घालत नाही, म्हणून तिथं दोन हजार. एकदा मुंबईच्या पाहुण्यांपुढं तर मी अख्खा यावल तालुका धावत आणला होता, मामलेदारासकट. खरं विचाराल तर चाळीसेक माणसं असतील आणि दोन बैल. पण त्या दुपारचा एक आकडा मला कधीच फुगवता आलेला नाही. तीन. मास्तरांनी आमच्या डोक्यावर तीन घिरट्या घातल्या. चौथी म्हणायला जातो आणि जीभ टाळ्याला चिकटते.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी धुळ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री होतो. गावाबाहेरच्या माळावर आम्ही पाच-सहा वेडे दर रविवारी ग्लायडर उडवायचो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आत एका माणसापुरती जागा. जुन्या लॉरीच्या इंजिनाला ढोल जोडून त्यावर तार गुंडाळायची. तार झपाट्यानं ओढली की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेल्यावर तार सोडून द्यायची. पुढचं सगळं उन्हाच्या हातात. आमच्याकडची काळी जमीन चैत्रात तापली की गरम हवेचे खांब उभे राहतात. घारी पंख न हलवता फिरतात त्या त्यातच. एका खांबात शिरून वर जायचं, मग घसरत घसरत दुसरा गाठायचा. मी लोकांना सांगायचो, एकदा इतका वर गेलो की देवाच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा ठसका लागला.

सगळे हसायचे. मास्तर नाही. ते शाळेत गणित शिकवायचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. माझं बोलणं संपलं की शांतपणे विचारायचे, "यातलं दशांश चिन्ह कुठं पडलं रे?"

क्लबचे नियम मास्तरांनीच घातलेले. त्यातला एक धोतराचा. दोघं मिळून लांब निघालो, तर प्रत्येकाच्या बैठकीखाली एकेक पांढरं धोतर असायचं. जो आधी उतरेल त्यानं जागा चालून बघायची; नीट असेल तर धोतर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. वरच्यानं समजायचं, इथं उतर. आणि पसरलेलं धोतर उचललं, तर समजायचं की खालच्याला आता विहीर दिसली, चर दिसला, काहीतरी दिसलं. जागा फसवी आहे, पुढं जा. वर बिनतारी यंत्र नव्हतं. बोलायचं ते धोतरानंच. धोतरं मास्तरांच्या घरची, वहिनींनी नीळ घालून धुतलेली.

त्या दिवशी मास्तर आणि मी दोन ग्लायडरांतून पूर्वेकडे निघालो. पश्चिमेचा वारा पाठीशी होता. अडचण एकच, भुसावळच्या बाजूला लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार होतं आणि त्याच्यावरच्या आकाशात जायला मनाई. ही मनाई नेमकी कुठवर, ते कोणालाच सांगता येईना. एका कागदात मैल दिले होते, दुसऱ्यात नुसतं 'परिसर' असं लिहिलं होतं. मास्तरांनी मैल धरले, परिसराचे म्हणून तितकेच आणखी धरले, आणि वर दोन मैल माझ्या स्वभावाचे म्हणून जोडले. म्हणजे तापी ओलांडून उत्तरेनं मोठा वळसा. कायदा पाळायला म्हणून आम्ही फैजपूरकडे गेलो, हे आधी लक्षात ठेवा.

फैजपूरच्या आसमंतात केळीच केळी. वरून ती हिरव्या गादीसारखी दिसते, इतकी मऊ की आडवं व्हावंसं वाटतं. उतरायला जागा म्हणून नाही. माझी उंची संपत आली तेव्हा एक तपकिरी पट्टा दिसला, जुनी केळी खणून काढून मोकळं ठेवलेलं शेत. मी तिथं उतरलो. शेत चाललो, जमीन पक्की होती. धोतर पसरलं, चार ढेकळं ठेवली.

पहिल्यांदा शेताचे मालक आले. सत्तरीचे आबा, हातात विळा. त्यांनी ग्लायडरला प्रदक्षिणा घातली, पंखावर टिचकी मारली.

"कुठून पडला रे भो?"

"धुळ्याहून, आबा."

"आन् याले खायाले काय घालतो?"

"ऊन."

"मंग आमच्याकडंच राहू दे. लय हाये," आबा म्हणाले आणि मला पाणी पाजलं.

तोवर गाव जमलं, आणि गावात बैलचोरीच्या तपासाला आलेला फौजदार दोन शिपायांसह धापा टाकत पोचला. माझ्याच वयाचा, कोरी खाकी, नवी नोकरी. आकाशाची मनाई त्याच्याही कचेरीत येऊन पडली होती आणि त्याच्या कागदात मैल नव्हते, नुसता 'परिसर' होता. आपल्या हद्दीतलं झाडून सगळं आकाश मना आहे, असं त्यानं धरलं होतं.

"विमान मना आहे इथं."

"साहेब, हे विमान नाही. याला इंजिनच नाही."

फौजदारानं नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इंजिन कुठं लपवलंस?"

गावात हसू फुटलं. फौजदाराचे कान लाल झाले. त्यानं एका शिपायाला जवळच्या विहिरीत गळ टाकून इंजिन शोधायला पाठवलं. गळाला एक फुटकी घागर आली आणि लोक मांड्यांवर थापा मारून हसले. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तेवढी पुरतात.

"साहेब, विहिरीत कशाला शोधता?" मी म्हणालो. "वजन फार झालं म्हणून इंजिन वरच सोडून आलो. येईलच मागून."

एक बाई हसता हसता खाली बसली. मी आणखी चढलो. खास आमच्या धुळ्याच्या बोलीत म्हणालो, "बठ्ठं खरं शे, साहेब, सगळं खरं! वरून तुमचं कोठार पण मोजून आलो. कौलं सांगू का किती ते?"

आम्ही कोठारापासून कोसभर नव्हे, पार तापीपलीकडे होतो. पण बोलून गेलो. फौजदारानं बैलाचं दावं मागवलं आणि मला बांधावरच्या बाभळीला बांधलं. तरी मी हसतच होतो. हे मी कोणाला सांगत नाही. मी हसत होतो.

मग ती शीळ आली.

ग्लायडरला आवाज नसतो म्हणतात, ते खरं नाही. पंखांवरून वारा जातो त्याची बारीक शीळ असते, कोणी दात मिटून फुंकर घालावी तशी. गर्दीच्या माना वर झाल्या. मास्तर पश्चिमेकडून खाली खाली येत होते. सावली आधी केळीवरून आली, मग शेतावर, मग आमच्या तोंडांवरून गेली. पहिली घिरटी. मला त्यांची टोपी दिसली. त्यांनी धोतर बघितलं होतं. पंख हलवून तसं सांगितलं. उंची फार उरली नव्हती, पण या शेतात उतरायला भरपूर होती.

"हे फडकं कशाचं?" फौजदारानं विचारलं.

"खूण आहे साहेब, त्यांच्यासाठी. त्याला हात लावू नका."

हसणारा माणूस एकाएकी गयावया करतो तेव्हा त्याचं कोणी ऐकत नाही. फौजदार धोतराकडे चालत गेला. दुसरी घिरटी. मी ओरडलो, "आबा, त्याला धरा! तो माणूस मरेल!" आबा दोन पावलं पुढं झाले, शिपायानं काठी आडवी धरली. मी दाव्याला असे हिसके दिले की मनगटांवर अजून वळ आहेत. हे फुगवून सांगत नाही, भेटलात तर दाखवीन.

तिसरी घिरटी खूप खालून आली. मास्तर कलून खाली बघत होते. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फौजदारानं ढेकळं लाथेनं उडवली, धोतर उचललं, झटकलं, घडी घातली.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मरो तो नियम, शेत दिसतंय, उतरतो. मी असतो तर उतरलोच असतो. पण नियम मास्तरांचाच होता. खालच्यानं धोतर उचललंय, त्या अर्थी खालच्याला काहीतरी ठाऊक आहे, असं त्यांनी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका शब्दावर त्यांनी पुरता विश्वास ठेवला, आणि तो शब्द माझा नव्हता. त्यांनी नाक वळवलं, केळीच्या शेंड्यांवरून पुढं गेले आणि दिसेनासे झाले. आवाज झाला नाही. शीळ तेवढी थांबली.

आबांनीच विळ्यानं दावं कापलं. या खेपेला कोणी अडवलं नाही. केळीच्या बागेत भर दुपारी अंधार असतो. ओल, कुजका वास, पानं तोंडावर येतात. आबा पुढं, मी मागं, माझ्या मागं फौजदार. ग्लायडरचा एक पंख केळीच्या खांबांवर कोणी अलगद ठेवावा तसा होता. मास्तर पट्टा बांधून आपल्या जागी बसलेले होते. मान तेवढी अशी कलली होती, वळून काही विचारायचं असावं तशी. बैठकीखाली त्यांचं धोतर घडी न मोडता होतं.

मला दोन दिवस कोठडीत ठेवलं, मग वरून कागद आला आणि सोडलं. बिनइंजिनाचं विमान मनाईत बसतं की नाही, यावर म्हणे पुढं कितीतरी दिवस पत्रं फिरत होती. माझं धोतर पंचनाम्यात गेलं : मुद्देमाल, पांढरं धोतर एक. त्यावर लाखेचे शिक्के बसले. वहिनींना मी सांगितलं की वारा अचानक फिरला. त्यांनी मान डोलावली. मी माळावर पुन्हा गेलो नाही. पण जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी यंत्रं बंद झाली की दात मिटून फुंकर घातल्यासारखा आवाज मला यायचा, आणि मी हातातलं काम टाकून बाहेर अंगणात जायचो. कामगारांना वाटायचं, मिस्त्रीला उन्हाचा त्रास आहे.

चार वर्षांनी अशाच एका दुपारी अंगणात गेलो तर फाटकाशी फौजदार उभा. अंगावर खाकी नव्हती. केस पिकलेले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"जाळून टाका असा हुकूम होता," तो म्हणाला. "मी घरी नेलं. घरी राहत नाही ते."

"राहत नाही म्हणजे?"

"पेटीत ठेवलं तरी सकाळी चारी कोपरे उघडे असतात. बायको माहेरी जाऊन बसलीय."

थाप कशी असते हे माझ्याइतकं कोणाला कळतं? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. ही थाप नव्हती.

मीच म्हणालो, "चूक माझी होती, साहेब. इंजिन मागून येतंय असं मी बोललो नसतो, तर मागून आलेल्या मास्तरांचा तुम्हाला संशय आला नसता."

त्यानं काखेतलं पुडकं दोन्ही हातांत घेतलं. मग म्हणाला, "संशय नव्हता. तुम्ही थट्टा करताय हे मला कळलं होतं. पण सगळं गाव हसत होतं हो."

आम्ही दोघांनी मिळून कागद सोडला. अंगणात, जिथं कपाशीच्या गाड्या खाली व्हायच्या तिथं, धोतर पसरलं. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. लाखेचे डाग होते, तरी नीळ अजून कळत होती. वर घारी होत्या. त्यातल्या एकीची सावली धोतरावरून गेली. फौजदारानं हळूच म्हटलं, "एक." मग पुन्हा, "दोन." तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

ऊन उतरलं. गाड्या यायची वेळ झाली, गाडीवान फाटकाशी थांबून ओरडू लागले, "मिस्त्री, वाट मोकळी करा!" धोतर उचलायला आम्हा दोघांपैकी कोणीच वाकलं नाही. शेवटी मी गाडीवानांना हात केला, पलीकडून वळसा घालून या म्हणून.