उशिरा झालेला बार

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी लान्सनायक होतो. कोल्हापुरात रिक्रुटांना ग्रेनेड फेकायला शिकवण्याच्या कामावर माझी नेमणूक होती. आमचे उस्ताद हवालदार अण्णाप्पा मगदूम. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, ब्रह्मदेशात लढून आलेले. बोलणं मोजकं, आवाज मात्र माळाच्या पलीकडं जाणारा.

पौषातला दिवस. पीटी, चहा, मग शहराबाहेरच्या रेंजकडे कूच. वाटेत उस्ताद म्हणाले, "आज जेवाय घरला ये. तुझ्या अक्कानं पावट्याची आमटी केलीया. पर दिस बुडायच्या आत. दिवा लागल्यावर आमच्यात जेवत न्हाईत."

त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

काम रोजचंच होतं. एकेक रिक्रुट पुढच्या खड्ड्यात उस्तादांशेजारी उभा राहायचा, पिन काढायचा, फेकायचा. बार झाला की पुढचा. बाकीचे मागं खंदकात. दुपार कलल्यावर शेवटच्या रिक्रुटानं फेकलेला ग्रेनेड पडला आणि बार झालाच नाही.

याला ब्लाइंड म्हणतात. तो हलवायचा नसतो. अर्धा तास थांबायचं, मग उस्तादानं एकट्यानं जाऊन शेजारी बारूद लावायची आणि तिथंच उडवायचा. कंपनीला कळवायला मी फील्ड टेलिफोन उचलला.

"रेंजवरून बोलतोय. एक ब्लाइंड. फायरिंग बंद."

"ठीक. थांबा."

आम्ही अर्धा तास मोजत बसलो. उस्तादांनी तळहात पँटला पुसले. थोड्या वेळानं परत पुसले. ब्रह्मदेश पाहिलेला माणूस भ्यालाय हे मला कळलं.

"उस्ताद, मी येतो संगं."

"न्हाय. पोरांस्नी खाली बसव. एकाचंबी डोस्कं वर दिसता कामा न्हाय."

ते गेले. ना भरभर, ना रेंगाळत. वाळूच्या पोत्यांच्या फटीतून मी पाहत होतो. ते वाकले. एक गुडघा टेकला. आणि बार झाला.

मी पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कंपनी कमांडर कॅप्टनसाहेब जीपनं आले. "त्यांच्या घरी जा. बाहेरून काही कानावर पडता कामा नये. पलटणीच्या सी.ओ. साहेबांना कळवून मी येतो. तोवर काही बोलायचं नाही."

"जी साब."

लाईन बाजारातल्या त्या दोन खोल्यांपर्यंत मी चालत गेलो. ऊन भिंतीवर चढलं होतं. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती.

"ये तम्मा. ते कुठं ऱ्हायले?"

"कॅप्टनसाहेब येणार हायत, अक्का."

"साहेब? आमच्या घरी? आणि मला आत्ता सांगतोस व्हय?" तिनं परातीत आणखी पीठ घेतलं. मला पाट दिला, ताट वाढलं. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "तू घे. दिस बुडाय आलाय. शेवटचा बार लई उशिरा झाला आज, तवाच म्हटलं, ह्यास्नी वेळ होणार."

तिनं तो ऐकला होता.

मी घास तोंडात घातला. पाण्यानं खाली ढकलला. दाराबाहेर पाऊल वाजलं की मी तिकडं पाही. कोणी ओरडत आलं तर? हिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं तर? तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती उतरवली, दुसरी टाकली.

जीप थांबली. साहेब दारात आले आणि त्यांनी टोपी काढली. अक्का उठली. पिठाचे हात तसेच. तिनं साहेबांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"तम्मा, तो मघाचा बार?"

"व्हय, अक्का."

ती मटकन खाली बसली. तव्यावरची भाकरी जळू लागली, तेव्हा साहेबांनीच वाकून तवा उतरवला. त्यांचा हात भाजला.

अक्काला तिचे दीर शिरोळला घेऊन गेले. पुढं माझी बदली झाली. हवालदार अण्णाप्पा मगदूम लढाईत पडले नाहीत, म्हणून कुठल्या स्मारकावर त्यांचं नाव नाही. त्या दिवशी खंदकात बसलेली पोरं नंतर दूरदूरच्या ठाण्यांवर गेली, संसाराला लागली. त्यांच्यापैकी एकालाही त्या माळावर साधं खरचटलं नव्हतं.