रफिकभाईंचा साठ पट झूमवाला कॅमेरा

मी रफिकभाईंच्या कॅमेऱ्याला चारचौघांत खेळणं म्हटलं होतं.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं. नुसता त्यांचा फोटो टाकणार होतो. पण हे लिहिल्याशिवाय टाकवेना.

पांढरकवड्याला हायवेवर त्यांचं ट्रकचं गॅरेज. मी शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस. बायको गेली, मुलगी हैदराबादला.
घरात बोलायला कोणी नाही, म्हणून डीएसएलआर घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागलो.

माझी स्कूटरही रफिकभाईच पाहत. एकदा माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून म्हणाले, "मास्तर, मले बी घेऊन चला ना एखाद्या रविवारी."

दोन-तीन रविवार नुसते सोबत आले. मग स्वतःचा कॅमेरा घेतला. सुपरझूम. साठ पट.

मी म्हटलं, "रफिकभाई, याचा सेन्सर नखाएवढा आहे. उजेड कमी झाला की फोटो दाणेदार येतील."

"पण लेन्स बदलायची भानगड नाही, मास्तर. माह्या गॅरेजच्या धुळीत तुमचा कॅमेरा आठ दिवस नाही टिकणार."

तेही खरंच होतं.

पूर्ण झूम केला की हात जरासा हलला तरी पक्षी फ्रेमच्या बाहेर. त्यावर त्यांनी उपाय काढला. कापडी पिशवीत तुरीचे दाणे भरले, पिशवी स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला.
माझ्या महागड्या ट्रायपॉडपेक्षा लवकर तयार.

एकदा त्यांनी आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांजेचा एक बगळा टाकला. फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे.

मी खाली लिहिलं, "खेळण्यानं असेच फोटो येतात. खरा कॅमेरा घ्या आता."

लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. मला बरं वाटलं. हो, वाटलं.

रफिकभाई पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी मी आमच्या नेहमीच्या तलावावर न जाता सरळ गॅरेजला गेलो. ते ट्रकखाली होते. मी वाकून म्हटलं, "चुकलं माझं."

बाहेर आले. हात पुसत उभे राहिले.

"मास्तर, कॅमेऱ्याले बोलले त्याचं काही नाही. खोटं काय होतं त्याच्यात? सांज झाली का आंधळाच आहे थो. पण मले एकट्याले सांगाचं ना. ग्रुपवर काहून?"



"येतो रविवारी," म्हणाले, आणि परत ट्रकखाली गेले.

तो रविवार आला. सकाळी दोघांनाही जमलं नाही, म्हणून दुपारी उशिरा गेलो. उजेड उतरत होता. तलावाच्या पलीकडच्या काठावर पांढऱ्या मानेचा करकोचा एकटाच उभा होता. माझ्या लेन्समधून तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता.

रफिकभाई पिशवीवर कॅमेरा टेकवून बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर, याच्या चोचीत काहीतरी अडकून राह्यलं."

"मासा असेल."

"मासा असता तं गिळला असता. तोंडच नाही उघडून राह्यला थो."

त्यांनी फोटो काढला. स्क्रीनवर दाणेच दाणे. पण चोचीभोवती निळी प्लास्टिकची रिंग स्पष्ट होती. कसल्यातरी झाकणाची. चोच बंद, खाणं बंद.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक मॅडमना भेटलो. त्यांनी आधी माझा फोटो पाहिला.

"सर, याच्यात तर काहीच दिसत नाही."

मग रफिकभाईंचा पाहिला. लगेच उठल्या.

दोन दिवस पक्षी हुलकावणी देत राहिला. रफिकभाईंनी दोन्ही दिवस गॅरेज बंद ठेवलं. लांबून कॅमेऱ्यात पाहून सांगत, "बाभळीकडं गेला. आता बसला. थकला, मॅडम, लय थकला."

तिसऱ्या सकाळी तो चिखलात बसलेला सापडला. मॅडमनी जाळं टाकलं. मी पंख धरले. रफिकभाईंनी खिशातून छोटा कटर काढला.

अंगठा चोचीवर ठेवून, श्वास रोखून, त्यांनी ती रिंग कापली.

करकोचा सोडला तरी तिथेच उभा राहिला. पाणी प्यायला. चोच उघडली, मिटली, परत उघडली.
आणि उडाला.

रफिकभाईंनी कॅमेरा उचलला. फोकस लागेपर्यंत पक्षी बाभळीपलीकडे गेला होता. फोटोत नुसतं आभाळ.

ते खो खो हसले. "उडत्या पाखराच्या कामाचा नाही हा. हे बी टाका ग्रुपवर."

मी टाकलं. आधी माफी मागितली, मग टाकलं.

त्यानंतर चार वर्षं आमचा रविवार चुकला नाही.

मागच्या वर्षी मी मुलीकडे हैदराबादला गेलो होतो. रफिकभाईंच्या छातीत दुखलं. यवतमाळला नेता नेता रस्त्यातच गेले. मला व्हॉट्सअॅपवर कळलं, तोवर कब्रस्तानात मिट्टी झाली होती.

परत आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो, भाभींनी चहा दिला. म्हणाल्या, "भाईसाब, वो आपका इतवार याद रखते थे. ईद में भी पूछते थे, इतवार कब है."

कॅमेरा त्यांची नात वापरते.

आजही कोणी विचारतं, सुपरझूम घ्यावा का? मी सांगतो, सांजेला रडवतो, उडता पक्षी सोडतो, पूर्ण झूमवर हात स्थिर लागतो. पण लांबचं दुखणं दाखवतो. घ्या.

माझा डीएसएलआर कपाटात आहे. रविवारी सकाळी तयार होतो, स्कूटर काढतो, आणि बरेचदा चौकातून चहा पिऊन परत येतो. तलावावर एकट्यानं बसणं मला अजून जमलं नाही.

रफिकभाई, मिट्टीला यायचं राहून गेलं. माफ करा.

अल्लाह तुमाले जन्नत नसीब करो.

तुमचा,
मास्तर